बंद कारखान्याच्या जमिनीखाली: मातीचे थर, पाणी आणि मुरलेलं विष

समजा, बंद पडलेल्या एका कारखान्याच्या मोकळ्या जागेत बोअर घेतलाय. खोदताना जे जे वर येतं ते खोलीनुसार वहीत उतरवत जातात. अशा नोंदीचा हा एक नमुना:

० ते २.४ मीटर: भराव. राख, विटांचे तुकडे, काँक्रीट, काळसर वाळू. डांबरासारखा वास. १.७ मीटरवर थोडं पाणी.
२.४ ते ३.१ मीटर: मऊ, करडी चिकणमाती. कुजलेली मुळं.
३.१ ते ७.८ मीटर: वाळू, खाली खाली रेव वाढत जाते. ४.६ मीटरवर पुन्हा पाणी. तळाशी उग्र, गोडसर वास.
७.८ ते ८.३ मीटर: घट्ट, तपकिरी चिकणमाती. बोअर इथे थांबवला.

नोंद चारच ओळींची, पण तिच्यात तीन कोडी आहेत. एकाच भोकात पाणी दोनदा का लागलं? वर डांबराचा वास, मधल्या वाळूत काहीच नाही आणि तळाशी भलताच वास, तो तिथे पोचला कसा? आणि यंत्र अजून खोल जाऊ शकत असताना काम ८.३ मीटरवरच का थांबवलं?

अशा जागेबद्दल सगळे पहिल्यांदा विचारतात, "जमीन दूषित आहे का, आणि किती?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा, की इथलं पाणी कुठून आत शिरतं, कुठल्या थरातून सरकतं आणि कुठे बाहेर पडतं. त्याचं उत्तर हातात नसेल तर प्रयोगशाळेतून आलेले आकडे नुसते आकडेच राहतात.

माणसाने रचलेला थर

नदीने आणलेला गाळ शिस्तीत बसतो. पाण्याला जोर असतो तिथे जाड कण, पाणी संथ होतं तिथे बारीक. ती शिस्त एकदा कळली की दोन बोअरच्या मधल्या जमिनीचा अंदाज बांधता येतो. भरावाला अशी शिस्त नसते. कारखाना चालू असताना खड्डा दिसला की भट्टीतली राख, धातुमळी, फुटक्या विटा टाकून जमीन सपाट करायची. त्यावर शेड बांधायची. शेड पाडली की तिचा राडारोडा तिथेच पसरायचा. अशी पन्नास-शंभर वर्षं गेली की दोन-तीन मीटरचा थर सहज तयार होतो, आणि त्यात पाच मीटरच्या अंतरावर घेतलेले दोन बोअरसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत.

पुष्कळदा हा भराव स्वतःच दूषित असतो. राखेत आणि धातुमळीत शिसं, आर्सेनिक, जस्त असे घटक असू शकतात. कोळशापासून गॅस तयार करणाऱ्या जुन्या कारखान्यांच्या जागी तर मातीत गडद निळे पट्टे दिसतात. गॅस शुद्ध करायला लोहाची संयुगं वापरत आणि त्यात सायनाइड अडकून हा निळा रंग येई. निरुपयोगी झाला की तो माल तिथेच पुरला जाई. रंगाने आणि वासाने ओळखता येणारं प्रदूषण हे त्यातल्या त्यात बरं. खरी डोकेदुखी असते ती बिनरंगाच्या, बिनवासाच्या गोष्टींची.

भरावात आणखी एक लपलेली गोष्ट असते: जुने पाये, जमिनीखालच्या टाक्या, सांडपाण्याचे नळ. नळ फुटलेला नसला तरी तो टाकताना खणलेला चर भुसभुशीत खडीने भरलेला असतो. पाण्याला असा चर म्हणजे आयता रस्ताच. नकाशावर भूजल उत्तरेकडे वाहतंय असं दाखवलेलं असतं आणि दूषित पाणी मात्र चराच्या कडेने पूर्वेला जाऊन ओढ्याला मिळालेलं असतं. म्हणून पहिला बोअर घेण्याआधी जुने नकाशे, कारखान्याचे आराखडे, वेगवेगळ्या काळातली हवाई छायाचित्रं धुंडाळणं हे कंटाळवाणं काम टाळू नये. टाकी कुठे होती आणि पिंपं कुठे रचून ठेवायचे, हे कळलं की अर्धी शोधाशोध वाचते.

पाणी दोनदा का लागलं

आता पहिलं कोडं. पाऊस पडतो, पाणी भरावातून झिरपत खाली जातं आणि २.४ मीटरवर चिकणमातीशी येऊन थबकतं. चिकणमाती ते चटकन आत घेत नाही, म्हणून ते तिच्यावर साचून राहतं. हे अधांतरी पाणी. त्याच्या खाली, ३.१ ते ४.६ मीटरच्या दरम्यान, वाळू ओलसर असते पण कणांमधल्या पोकळ्यांत हवाही असते. खरी भूजलपातळी ४.६ मीटरवर. तिथून खाली प्रत्येक पोकळी पाण्याने भरलेली.

दोन्ही पाणीच, पण त्यांचा एकमेकांशी संबंध जेमतेम. वरचं पाणी उन्हाळ्यात आटू शकतं, पावसात भरतं, आणि भरावातून झिरपल्यामुळे सर्वांत जास्त दूषित असू शकतं. खालचं पाणी मोठ्या प्रदेशातल्या प्रवाहाचा भाग असतं. एका विहिरीत वरच्या पाण्याची पातळी मोजली, दुसरीत खालच्या, आणि दोन्ही आकडे जोडून प्रवाहाची दिशा काढली, तर निघणारी दिशा साफ चुकीची असते. ही चूक मुळीच दुर्मीळ नाही.

चिकणमाती पाणी का अडवते, याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: तिच्यात पोकळ्या कमी असतात म्हणून. प्रत्यक्षात उलट आहे. वाळूत साधारण २५ ते ४० टक्के जागा पोकळ असते, तर चिकणमातीत ४० ते ६० टक्केसुद्धा. म्हणजे पाणी साठवण्यात चिकणमाती वाळूला मागे टाकते. पण तिच्या पोकळ्या इतक्या सूक्ष्म असतात की त्यांतून पाणी सरकायला प्रचंड अडथळा होतो. स्वच्छ रेव आणि चिकणमाती यांच्या पाणी वाहू देण्याच्या क्षमतेत एक कोटी पट आणि त्याहूनही जास्त फरक पडू शकतो. पाणी साठवणं वेगळं आणि पाणी वाहू देणं वेगळं, एवढं लक्षात ठेवा. पुढे चिकणमातीच्या स्मरणशक्तीची गोष्ट येणार आहे, तिथे ते लागेल.

पाण्याची चाल

फ्रान्समधल्या दिजों शहराला पाणीपुरवठा करणारे अभियंते हेन्री डार्सी यांनी वाळूच्या स्तंभांतून पाणी सोडून मोजमापं केली आणि १८५६ साली आपला नियम प्रसिद्ध केला. तो आजही या क्षेत्राचा पाया आहे. सोप्या शब्दांत: वाळूतून किती पाणी जाईल हे दोन गोष्टींवर ठरतं, थर पाणी किती सहज वाहू देतो आणि पातळीला उतार किती आहे.

आपल्या वाळूच्या थराचं गणित करून बघू. थराची वाहकता, म्हणजे पाणी वाहू देण्याची क्षमता, दिवसाला १० मीटर धरा. भूजलपातळी २०० मीटरच्या अंतरात १ मीटरने उतरते, म्हणजे उतार ०.००५. दोन्हींचा गुणाकार दिवसाला ०.०५ मीटर. पण पाणी अख्ख्या थरातून नाही, फक्त पोकळ्यांतून जातं. पोकळ्या २५ टक्के असतील तर ०.०५ ला ०.२५ ने भागायचं. उत्तर दिवसाला २० सेंटिमीटर, वर्षाला सुमारे ७३ मीटर.

दिवसाला वीतभर! ऐकायला काहीच वाटत नाही. पण कारखाना पन्नास वर्षांपूर्वी गळायला लागला असेल तर त्या वेळचं पाणी आज साडेतीन किलोमीटरवर पोचलेलं असू शकतं. भूजल संथ असतं, आणि गळती सुरू झाल्यावर कित्येक वर्षं कोणालाच काही जाणवत नाही, याचं कारण हाच संथपणा. जाणवतं तोवर गळणारी टाकीही जागेवर नसते.

पाण्याबरोबर विरघळलेला दूषित भाग धुराच्या लोटासारखा प्रवाहाच्या दिशेने लांबत जातो. त्याला प्लूम म्हणतात. मात्र प्रत्येक पदार्थ पाण्याच्या वेगाने जात नाही. क्लोराइडसारखा क्षार जवळपास पाण्याबरोबर चालतो. बेंझीन किंचित मागे रेंगाळतं. डांबरातले जड घटक मातीतल्या सेंद्रिय कणांना इतके चिकटतात की दशकांनंतरही उगमापासून फार हललेले नसतात. शिसंही बहुतेक मातीत मातीला धरून बसतं. क्रोमियमचं उदाहरण तर फार बोलकं आहे: त्रिसंयुजी रूपात ते मातीत अडकतं, षट्संयुजी रूपात पाण्यात विरघळून सहज वाहत जातं, आणि तेच रूप जास्त विषारी. म्हणजे "मातीत क्रोमियम सापडलं" या वाक्याला तसा काही अर्थ नाही. कुठल्या रूपातलं, हे सांगा.

तरंगणारं आणि बुडणारं

विरघळलेल्या पदार्थांची गोष्ट तुलनेने सरळ आहे. गुंता सुरू होतो तो पाण्यात नीट न मिसळणाऱ्या द्रवांपाशी.

पेट्रोल, डिझेल पाण्यापेक्षा हलके. सांडले की मातीतून खाली उतरतात आणि भूजलपातळीवर तवंगासारखे पसरतात. वर्षभर ही पातळी खालीवर होते आणि तिच्याबरोबर तेलही. दर खेपेला थोडं तेल वाळूच्या पोकळ्यांत अडकून मागे राहतं, आणि काही वर्षांत मीटर-दीड मीटर जाडीचा पट्टाच तेलाने माखून निघतो. वरचा तवंग उपसला म्हणजे काम झालं असं वाटतं, पण तो माखलेला पट्टा पुढची कित्येक वर्षं पाण्यात बेंझीन सोडत राहतो.

दुसरी जात बुडणाऱ्यांची. धातूच्या भागांवरचं ग्रीस काढायला कारखान्यांत ट्रायक्लोरोएथिलीन नावाचं द्रावक अनेक दशकं वापरलं गेलं. एक लिटरचं वजन १.४६ किलो, पाण्याच्या जवळजवळ दीडपट. पाण्यापेक्षा पातळ असल्याने ते भेगांतून झटकन उतरतं. भूजलपातळीला पोचल्यावर ते तेलासारखं थांबत नाही, पाणी बाजूला सारत खालीच जातं. थांबतं ते एखादा घट्ट थर आडवा आला की.

आता दुसरं कोडं सुटतं. आपल्या बोअरमध्ये मधल्या वाळूत वास नव्हता, तळाशी होता. म्हणजे द्रावक आपल्या डोक्यावरून सरळ खाली आलेलं नाही. ते दुसरीकडे कुठेतरी, बहुधा जिथे जुन्या टाकीसाठी खणताना मधली चिकणमाती तोडली गेली असेल तिथे, खाली घुसलं. ७.८ मीटरवरच्या घट्ट चिकणमातीवर पोचलं आणि तिच्या पृष्ठभागाच्या उतारावरून घरंगळत आपल्या बोअरपर्यंत आलं. त्या पृष्ठभागाचा उतार आणि भूजलाचा उतार एकच असेल असं मुळीच नाही. पाणी उत्तरेला वाहत असताना द्रावक दक्षिणेला सरकलेलं असू शकतं. म्हणून अशा जागी पाण्याच्या पातळीइतकाच चिकणमातीच्या माथ्याचा नकाशा मोलाचा ठरतो: कुठे खळगा आहे, कुठे उंचवटा.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात बोर्डन लष्करी तळावर संशोधकांनी अशी द्रावकं वाळूत मोजून सोडली आणि मग ती वाळू काळजीपूर्वक उकरून, थराथराने पाहिली. दिसायला ती वाळू एकसारखी. पण तिच्यातल्या अगदी पातळ, किंचित बारीक कणांच्या पट्ट्यांवरही द्रावक अडून आडवं पसरलं होतं. साध्या नजरेला न दिसणारा फरक त्याची वाट वळवायला पुरतो. अशा जागी "पुढच्या बोअरमध्ये काही सापडलं नाही" याचा अर्थ "तिथे काही नाही" असा लावणं धोक्याचं आहे.

आणि थोडं सापडलं तरी ते थोडं नसतं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीनची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. एक लिटर द्रावक म्हणजे १४६ कोटी मायक्रोग्रॅम. भागून बघा: एका लिटरने सुमारे २९ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेला पोचू शकतं. ते एकदम विरघळत नाही, हळूहळू विरघळतं. त्यातच खरी अडचण आहे, कारण ते अनेक दशकं पुरतं.

चिकणमातीची स्मरणशक्ती

मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा भाग, आणि लोकांपर्यंत सर्वांत कमी पोचतो तोही हाच.

चिकणमाती म्हणजे संरक्षक कवच, असं आपण समजतो. पाणी अडवते हे खरंच आहे. पण विरघळलेला पदार्थ पुढे जायला पाणी वाहायलाच हवं असं नाही. स्थिर पाण्यात शाईचा थेंब टाकला तरी तो पसरतो. जास्त संहतीकडून कमी संहतीकडे पदार्थ आपोआप सरकतात, त्याला विसरण म्हणतात. चिकणमातीवर दूषित पाणी किंवा द्रावक वर्षानुवर्षं बसून राहिलं की ते तिच्या सूक्ष्म, भरपूर पोकळ्यांत मुरत जातं. काही दशकांत अर्ध्या मीटरपर्यंतही.

मग साफसफाई सुरू होते. वाळूतलं दूषित पाणी पंपाने उपसायचं, शुद्ध करायचं. पहिल्या काही वर्षांत आकडे झपाट्याने खाली येतात. सगळ्यांना हायसं वाटतं. आणि आता वाळूतलं पाणी स्वच्छ, चिकणमातीतलं दूषित, म्हणून प्रवास उलटा सुरू होतो. चिकणमाती जे शोषून बसली होती ते थेंबाथेंबाने परत देऊ लागते. पंप बंद केला की काही महिन्यांत आकडे पुन्हा चढतात. ज्या थराने खालचं पाणी वाचवलं, तोच थर शेजारच्या पाण्याला अनेक दशकं प्रदूषण पुरवत राहतो.

पंप लावून जागा ठरावीक वर्षांत पूर्ण स्वच्छ होईल, असं आश्वासन कोणी देत असेल तर त्याला एकच विचारावं: चिकणमातीतले नमुने घेतलेत का? विहिरीतलं पाणी तपासून हे कळत नाही. त्यासाठी चिकणमातीचा अखंड गाभा काढून, काही सेंटिमीटरच्या अंतराने कापून, प्रत्येक तुकडा वेगळा तपासावा लागतो. खर्चिक आहे, पण त्याशिवाय पंप किती वर्षं चालवावा लागेल हे सांगणं म्हणजे निव्वळ अंदाज.

भरून वाहिलेलं टाकं

चिकणमातीवर नुसता विश्वास ठेवला तर काय होतं, याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरातलं लव्ह कॅनाल. १८९० च्या दशकात विल्यम लव्ह नावाच्या उद्योजकाने कालवा खणायला घेतला आणि तो अर्धवट राहिला. १९४२ ते १९५३ या काळात त्या खणलेल्या भागात सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरला गेला. खाली आणि बाजूंना चिकणमाती होती, वरूनही चिकणमातीचं आच्छादन घातलं. त्या काळाच्या समजुतीनुसार ही जागा सुरक्षितच. १९५३ साली ती एका डॉलरला शाळा मंडळाकडे गेली. शाळा झाली, भोवती घरं झाली, रस्ते आणि सांडपाण्याच्या वाहिन्या आल्या. या कामांत वरचं आच्छादन ठिकठिकाणी भेदलं गेलं.

खाली चिकणमाती घट्ट आणि वर आच्छादन फाटलेलं. पाऊस आणि वितळलेलं बर्फ आत जातं, पण खाली निचरा नाही. जमिनीतलं ते टाकं भरत गेलं आणि १९७० च्या दशकातल्या भरपूर पाऊस-बर्फाने काठोकाठ भरून वाहू लागलं. दूषित पाणी खोल गेलं नाही. ते वरच्या उथळ, वालुकामय थरातून आडवं सरकलं आणि लगतच्या घरांच्या तळघरांत उतरलं. ऑगस्ट १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी तिथे आणीबाणी जाहीर केली, कुटुंबांना हलवावं लागलं. दूषित जागांच्या साफसफाईचा अमेरिकेतला 'सुपरफंड' कायदा १९८० साली आला, त्यामागे या घटनेचा मोठा वाटा होता.

चिकणमातीने तिथे आपलं काम चोख केलं होतं. पाणी खाली जाऊ दिलं नाही. ते मग कुठे जाईल, हा विचार मात्र झाला नाही.

पातळी एका जागी थांबत नाही

कारखाने स्वतःच्या गरजेसाठी वर्षानुवर्षं भूजल उपसतात. त्यामुळे खालची पातळी घसरते, वरची माती कोरडी पडते. कारखाना बंद झाला, उपसा थांबला, की पाणी हळूहळू पूर्वपदावर येऊ लागतं आणि जे कोरड्या मातीत निपचित पडून होतं त्याला भिजवतं. लंडनखालच्या खडूच्या खडकातलं पाणी शतकभराच्या उपशाने १९६० च्या दशकापर्यंत समुद्रसपाटीच्या सुमारे ८८ मीटर खाली गेलं होतं. उद्योग कमी झाले तसं ते पुन्हा चढू लागलं, इतकं की इमारतींच्या पायांना आणि बोगद्यांना धोका नको म्हणून ठरवून उपसा वाढवावा लागला. एखाद्या दूषित जागेचं पंचवीस वर्षांपूर्वीचं सर्वेक्षण हाती आलं तर त्यातला पाण्याच्या पातळीचा आकडा आजचा समजू नये.

ऋतूंप्रमाणेही पातळी बदलते. जवळ नदी असेल तर पुराच्या दिवसांत प्रवाहाची दिशा काही काळ उलटते. खाडीकाठी भरती-ओहोटीबरोबर दिवसातून दोनदा पाणी हेलकावे घेतं. एकाच भेटीत मोजलेली पातळी म्हणजे धावत्या माणसाचं एक छायाचित्र. किमान वर्षभर, वेगवेगळ्या ऋतूंत मोजावं लागतं.

अंधारातले कामगार

एवढं वाचून मन खचू नये. जमिनीत जिवाणू असतात आणि त्यांतले कित्येक हेच पदार्थ खाऊन जगतात. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या बेमिजी गावाजवळ ऑगस्ट १९७९ मध्ये कच्च्या तेलाची वाहिनी फुटली. बरंच तेल गोळा केलं, बाकीचं वाळूत राहिलं. ती जागा पुढे संशोधनासाठी राखली गेली आणि तिथे दशकानुदशकं मोजमापं झाली. भूजलाच्या वेगावरून बेंझीनसारखे घटक जितके दूर जायला हवे होते, त्यापेक्षा फारच कमी दूर गेले, कारण वाटेतच जिवाणूंनी त्यांचा फडशा पाडला.

पण जिवाणूंनाही श्वास लागतो. आधी ते पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. तो संपला की नायट्रेट, मग मँगनीज आणि लोह, मग सल्फेट, आणि शेवटी मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात. म्हणून भूजलात ऑक्सिजन नाही, विरघळलेलं लोह खूप आणि कुजक्या अंड्यांचा वास, असं चित्र दिसलं की तिथे काहीतरी खाल्लं जातंय हे ओळखावं. यात एक धोकाही आहे: लोहाचे गंज विरघळले की त्यांना चिकटून बसलेलं आर्सेनिक सुटून पाण्यात येऊ शकतं. तेल सांडलं एक, आणि पाण्यात वाढलं दुसरंच.

ट्रायक्लोरोएथिलीन मोडायला मात्र मुख्यतः ऑक्सिजन नसलेलं पाणी लागतं. तिथे जिवाणू त्याच्यातले क्लोरीनचे अणू एकेक करून काढतात. वाटेत व्हिनाइल क्लोराइड तयार होतं आणि ते मूळ द्रावकापेक्षाही घातक, सिद्ध झालेलं कर्करोगकारक. योग्य जातीचे जिवाणू असतील तर तेही संपून निरुपद्रवी एथिलीन उरतं. नसतील तर काम नेमकं नको त्या टप्प्यावर अडतं. "निसर्ग आपोआप साफ करेल" हे म्हणणं काही जागी अगदी खरं आहे आणि काही जागी फार महागात पडणारं आहे. कुठली जागा कुठल्या गटातली, हे मोजूनच ठरतं.

विहीर काय सांगते, काय लपवते

प्रवाहाची दिशा काढायला कमीत कमी तीन निरीक्षण विहिरी लागतात, त्याही एका रेषेत नाही, त्रिकोणात. प्रत्येकीतली पाण्याची उंची एकाच संदर्भपातळीपासून मोजायची. समजा उंची १२.४०, १२.१० आणि ११.९५ मीटर आली, तर त्या तीन बिंदूंवरून एक तिरका पृष्ठभाग निघतो. पाणी साधारणपणे त्याच्या उताराने जातं. विहिरीच्या तोंडापासून पाण्यापर्यंतची खोली मोजून ती तशीच एकमेकांशी ताडली तर जमिनीचाच चढउतार त्यात मिसळतो.

खालीवर दिशाही पाहावी लागते. त्यासाठी शेजारी शेजारी दोन नळ्या वेगवेगळ्या खोलीपर्यंत घालतात. खोल नळीतलं पाणी जास्त उंच चढलं, तर खालचं पाणी वर दाबतंय, म्हणजे प्रदूषणाला खाली जायला विरोध आहे. कमी चढलं, तर वरचं पाणी खाली ओढलं जातंय.

विहिरीच्या नळीला ठरावीक उंचीवर बारीक फटी ठेवतात, तिथून पाणी आत येतं. हा फटींचा भाग किती लांब ठेवला, यावर निकाल पालटू शकतो. समजा दूषित पाणी फक्त ३० सेंटिमीटरच्या पट्ट्यातून वाहतंय आणि फटी ६ मीटर लांब आहेत. सगळीकडून सारखं पाणी आलं तर बाकीचं स्वच्छ पाणी मिसळून प्रदूषण २० पट फिकं दिसेल. अहवालात आकडा मर्यादेच्या आत, आणि जमिनीत मर्यादेच्या कितीतरी पट. अहवाल हाती आला की मी आधी फटींची लांबी पाहतो, रसायनांचा तक्ता नंतर. उलटही घडतं: गढूळ नमुना घेतला तर मातीच्या कणांना चिकटलेलं शिसं पाण्यातलं म्हणून मोजलं जातं.

द्रावकाचा साठा प्रत्यक्ष डोळ्यांना क्वचितच दिसतो. म्हणून एक ठोकताळा वापरतात: पाण्यात द्रावकाचं प्रमाण त्याच्या पूर्ण विद्राव्यतेच्या एक टक्क्याच्या वर गेलं, तर जवळपास कुठेतरी मूळ द्रव पडून आहे अशी शंका घ्यायची. ट्रायक्लोरोएथिलीनसाठी हा आकडा लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम. शिवाय भूजलातून सुटलेली वाफ वर येऊन इमारतींच्या फरशीखाली साचते आणि भेगांतून खोल्यांत शिरते. पाणी कोणी पीत नाही म्हणून धोका नाही, असं धरून चालत नाही.

८.३ मीटर

राहिलं तिसरं कोडं. त्याच जागेच्या कडेला, जिथे कारखान्याचं काहीच नव्हतं अशा कोपऱ्यात, आधी एक खोल बोअर घेतलेला असतो. त्यात दिसलेलं असतं की तपकिरी चिकणमाती तीन मीटर जाड आहे आणि तिच्याखाली भेगाळलेला खडक आहे, पाण्याने भरलेला. भेगांत पाणी किती वेगाने आणि कुठल्या दिशेला जाईल, हे वाळूपेक्षा कैक पटींनी अवघड गणित. दूषित भागात बोअर घेताना चिकणमाती आरपार भेदली, तर तिच्या माथ्यावर साचलेल्या द्रावकाला खडकापर्यंत सरळ नळी मिळते. जे संकट निसर्गाने अडवून धरलं होतं ते तपासणी करणाऱ्यानेच खाली सोडायचं! म्हणून चिकणमाती लागल्याची खात्री होईपर्यंत अर्धा मीटर आत जायचं आणि थांबायचं. खाली जाणं अटळच असेल तर आधी रुंद केसिंग चिकणमातीत रुतवून, भोवती सिमेंट भरून वरचा भाग पूर्ण बंद करायचा, आणि मग त्याच्या आतून लहान व्यासाचा बोअर पुढे न्यायचा.

आपल्या बोअरचं काम इथे संपतं, पण भोक उघडं ठेवून निघता येत नाही. मधल्या ७० सेंटिमीटरच्या करड्या चिकणमातीलाही आपण भोक पाडलंय, वरचं डांबराच्या वासाचं पाणी त्यातून खालच्या वाळूत उतरू शकतं. म्हणून तळापासून बेंटोनाइट भरत यायचं. ही भिजली की फुगणारी माती. नळी खालपर्यंत सोडून, खालून वर, मध्ये पोकळी राहणार नाही अशी. किती पोती गेली ते मोजायचं आणि भोकाच्या आकारमानाशी ताडून पाहायचं. कमी गेली असतील तर मध्ये कुठेतरी पोकळी राहिली आहे, पुन्हा करायचं. मग नोंदीच्या तळाशी शेवटची ओळ लिहायची: बोअर बंद केला, तळापासून जमिनीपर्यंत.